विमानात हवेचा दाब गेला तर? ऑक्सिजन मास्कविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी बरीच वर्षं विमानांच्या देखभालीत गेली. डोक्यावरच्या पट्टीत मास्क घडी घालून बसवणं हेही त्याच कामातलं. सोसायटीतलं कुणी पहिल्यांदा मुलांकडे परदेशी निघालं की हमखास घरी येऊन शंका विचारतं. बॅगेच्या वजनाचे प्रश्न संपले की आवाज थोडा खाली येतो आणि हा विषय निघतो. त्या सगळ्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल, तर "आधी स्वतःला मास्क" या प्रश्नाचं उत्तर तेवढं नक्की वाचा.

विमानात हवेचा दाब राखावा लागतो म्हणजे नेमकं काय?

वर ऑक्सिजन नसतो, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. समुद्रकिनारी हवेत जेवढा वाटा ऑक्सिजनचा, म्हणजे सुमारे २१ टक्के, तेवढाच ३५,००० फुटांवरही असतो. फरक पडतो तो दाबात. वर हवाच विरळ असते. १८,००० फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि ३५,००० फुटांवर जेमतेम पावपट उरतो. श्वास तुम्ही नेहमीसारखाच घेता, पण तो ऑक्सिजन रक्तात ढकलायला जो जोर लागतो तोच हवेत नसतो. शिवाय बाहेर थंडी उणे ५० अंशांच्याही खाली. एव्हरेस्टचा माथा २९,००० फुटांच्या थोडा वर आहे, यावरून अंदाज येईल.

म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात. मात्र समुद्रसपाटीइतका दाब ठेवत नाहीत, कारण विमानाच्या पत्र्यावर तेवढाच जास्त ताण येईल. नेहमीच्या विमानांत केबिनमधला दाब ८,००० फुटांवर असतो त्याहून खाली जाऊ देत नाहीत. केबिनमधला दाब ज्या उंचीवरच्या हवेइतका असतो, तिला "केबिनची उंची" म्हणतात. आपलं कळसूबाई साधारण ५,४०० फुटांचं आणि सिमला साडेसात हजारांच्या आसपास. तेव्हा विमानात तुम्ही सिमल्याहून जरा वर बसून जेवत असता असं समजा. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत ही उंची ६,००० फुटांच्या आसपास राखतात. लांबच्या प्रवासात थकवा कमी वाटण्याचं ते एक कारण आहे.

ही हवा येते कुठून?

बहुतेक विमानांत इंजिनातून. इंजिनात इंधन जळण्याआधी हवा दाबली जाते. त्या दाबलेल्या, गरम हवेतली थोडी काढून घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. आम्ही तिला ब्लीड एअर म्हणतो. बोईंग ७८७ मध्ये हेच काम वेगळे विजेचे कॉम्प्रेसर करतात.

हवा एका बाजूने सतत आत येते आणि विमानाच्या मागच्या भागातल्या एका झडपेतून सतत बाहेर जाते. ही झडप किती उघडायची आणि किती मिटायची हे एक यंत्रणा ठरवत असते, आणि सगळा दाब त्यावर सांभाळला जातो. टाकीचा नळ चालू ठेवून खालचा बोळा कमीजास्त करत पाण्याची पातळी राखावी, तसंच हे.

नळच चालू केला नाही तर काय होतं, ते आपल्या मुंबईतच दिसलं आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजचं मुंबई–जयपूर विमान १६६ प्रवाशांना घेऊन उडालं, पण इंजिनाची हवा केबिनकडे वळवणारी बटणं चालू करायची राहिली होती. विमान वर चढत गेलं, केबिनमधला दाब उतरत गेला, मास्क खाली पडले आणि विमान मुंबईला परत फिरलं. सुमारे ३० प्रवाशांच्या नाकाकानातून रक्त आलं. इंजिन बिघडलं नव्हतं, पत्रा फाटला नव्हता. दोन बटणं राहिली होती.

चिप्सचं पाकीट फुगतं ते यामुळेच?

हो. पाकिटातली हवा जमिनीवरच्या दाबाची आणि बाहेरची केबिनमधली, म्हणजे साधारण पाऊणपट दाबाची. उलटा प्रयोगही करून बघा. वर असताना रिकाम्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवा. उतरल्यावर ती आपोआप चेपलेली सापडेल. तुमच्या कानात आणि पोटातही तेच चालू असतं.

दाब गेला तर मला कळेल का?

झटक्यात गेला तर कळेल. मोठा आवाज होतो, कानांना फटका बसतो, धूळ आणि कागद उडतात, गारठा येतो आणि केबिनमध्ये एकदम धुकं पसरतं. हवा झपाट्याने प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होऊन दिसू लागतात, ते हे धुकं. पुष्कळांना तो धूर वाटतो आणि आग लागली म्हणून घबराट होते. हे धुकं थोड्याच वेळात विरतं. अशा वेळी श्वास रोखून धरू नका. छातीतली हवाही प्रसरण पावत असते, तिला बाहेर जाऊ द्या.

हळूहळू गेला तर मात्र बहुधा कळणार नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच. ऑक्सिजन कमी पडला की गुदमरायला होत नाही. गुदमरल्याची भावना येते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साचला की. इथे तो साचत नाही, कारण श्वास चालूच असतो. त्यामुळे शरीर ओरडून काही सांगत नाही. थोडं हलकं वाटतं, काहींना तर छान वाटतं. बोटांना मुंग्या येतात, नखं निळसर होतात, नजर आखडते. वैमानिकांना प्रशिक्षणात कमी दाबाच्या खोलीत बसवून साधी वजाबाकी करायला देतात. माणूस आनंदाने आकडे लिहीत असतो. मास्क लावून भानावर आल्यावर तोच कागद समोर ठेवला की अक्षर ओळी सोडून भरकटलेलं दिसतं आणि उत्तरं कशाला काही नसतात. लिहिताना त्याला सगळं बरोबरच वाटत होतं.

म्हणजे हातपाय जाण्याआधी अक्कल जाते. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

हातात किती वेळ असतो?

मास्कशिवाय माणूस नीट विचार करून योग्य ती कृती करू शकतो, तेवढा वेळ साधारण असा असतो: २५,००० फुटांवर ३ ते ५ मिनिटं, ३०,००० वर १ ते २ मिनिटं, ३५,००० वर अर्धं ते एक मिनिट, आणि ४०,००० वर १५ ते २० सेकंद. दाब झटक्यात गेला असेल तर हा वेळ निम्म्यावर येतो, कारण छातीतली हवाही त्यासोबत निघून जाते. पळापळ केली, उठून बॅग काढायला गेलात, तर आणखी कमी.

बेशुद्ध पडायला याहून जास्त वेळ लागतो. पण त्या उरलेल्या वेळेचा उपयोग शून्य. मास्क समोर लटकत असतो आणि तो लावायचा असतो हेच सुचत नाही.

"आधी स्वतःला मास्क लावा, मग मुलांना" हे मनाला पटत नाही. आई असं कसं करेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर दर वेळी थोडा राग असतो. तो राग मला समजतो. आपल्याकडे पहिला घास मुलाला. पण इथला हिशेब वेगळा आहे.

चार वर्षांचं मूल शेजारी आहे, घाबरलंय, रडतंय, मान फिरवतंय. त्याला मास्क लावायला शांतपणे १० सेकंद लागतील, पण अशा गडबडीत २०–३०ही जातील. दाब झटक्यात गेला असेल तर ३५,००० फुटांवर तुमच्या हातात साधारण तेवढेच सेकंद आहेत. मुलाचा मास्क अर्धवट लागलेला असताना तुमची बोटं ऐकेनाशी होतात, आणि आपण चुकतोय हे तुम्हाला कळतही नाही. आता तुम्हीही गेलात आणि मुलाला मास्क लावणारंही कुणी उरलं नाही.

उलट करून पाहा. स्वतःचा मास्क ओढून तोंडावर धरायला ५ सेकंद लागतात. पट्टा नंतर नीट करा. मग तुमच्याकडे वेळच वेळ आहे. मूल तेवढ्यात मलूल पडलं, अगदी बेशुद्ध झालं, तरी मास्क लागल्यावर काही सेकंदांतच ते सावरू लागतं. काही सेकंदांच्या बेशुद्धीने मुलाला कायमची इजा होत नाही. शुद्धीवर असलेली आई मुलाला परत आणू शकते. मूल आईला मास्क लावू शकत नाही. आधी स्वतःला लावणं हीच त्या क्षणी मुलाची काळजी आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनाही हेच लागू.

विमानात बसल्यावर मुलाला हे आधीच सांगून ठेवा. "पिवळा कप खाली आला की आई आधी लावणार, मग लगेच तुला." मुलं असल्या गोष्टी आपल्यापेक्षा नीट लक्षात ठेवतात.

मास्क नुसता खाली आला की ऑक्सिजन सुरू होतो का?

बहुतेक विमानांत नाही. केबिनची उंची साधारण १४,००० फुटांवर गेली की झाकणं आपोआप उघडतात आणि मास्क लटकतात. वैमानिक बटण दाबूनही ती उघडू शकतात. पण मास्कला बांधलेली बारीक दोरी ओढली गेली की वरची पिन निघते, आणि ऑक्सिजन तेव्हा सुरू होतो. म्हणून सूचनेत "मास्क आपल्याकडे ओढा" म्हणतात. नुसतं पुढे वाकून लटकत्या मास्कला तोंड लावलं तर काहीच येणार नाही. एकाने ओढलं की सहसा त्या रांगेतल्या त्या बाजूच्या सगळ्या मास्कना ऑक्सिजन मिळू लागतो.

कप नाक आणि तोंड, दोन्हींवर बसवायचा. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानाच्या इंजिनाचं पातं तुटून खिडकी फुटली. त्या विमानातून बाहेर आलेल्या फोटोत कितीतरी प्रवाशांनी मास्क फक्त तोंडावर लावलेला दिसतो, नाक उघडंच. आयुष्यभर सूचना ऐकलेली माणसं होती ती. ते फोटो मी आजही नव्या प्रवाशांना आवर्जून दाखवतो.

पिशवी फुगली नाही. मास्क बंद आहे का?

नाही. ऑक्सिजन सलग बारीक धारेने येत असतो. तुम्ही श्वास सोडता तेवढ्यात तो पिशवीत साठतो आणि पुढच्या श्वासाला आधी तोच आत जातो. उरलेली जागा केबिनची हवा भरून काढते. तुम्ही भराभर, खोल श्वास घेत असाल, आणि घाबरलेला माणूस तेच करतो, तर पिशवीत साठायला वेळच मिळत नाही. पिशवी चपटी दिसली म्हणून मास्क काढून शेजाऱ्याचा ओढायला जाऊ नका.

मग ऑक्सिजन असतो कुठे? वर सिलिंडर आहेत का?

काही विमानांत आहेत. पण मुंबई–दिल्ली किंवा पुणे–बेंगळुरू मार्गावर तुम्ही ज्या लहान विमानांत बसता, त्यांच्यापैकी बहुतेकांत डोक्यावर सिलिंडर नसतो. तिथे साधारण छोट्या थर्मासच्या आकाराचा एक धातूचा डबा असतो आणि त्यात ऑक्सिजन वायूच्या रूपात नसतोच. त्यात सोडियम क्लोरेट नावाचा घट्ट दाबलेला क्षार असतो, सोबत थोडी लोखंडाची पूड आणि इतर रसायनं. पिन निघाली की स्प्रिंगवरचा छोटा हातोडा टोपीवर आपटतो, ठिणगी पडते आणि आतला गाभा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत तापत जातो. उष्णतेने क्षार फुटतो, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि मागे राहतं मीठ. आपलं जेवणातलंच.

ही कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. वर्षानुवर्षं न गळणारा, दाब तपासावा न लागणारा, वजनाला हलका असा ऑक्सिजन. तोटा एकच, एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही.

जळका वास आला तर?

येतो. डबा बाहेरून २०० अंशांच्या वर तापतो. वरची धूळ, रंग, आवरण गरम होऊन वास सुटतो. आवरण त्याच हिशेबाने बनवलेलं असतं. वास आला म्हणून मास्क काढू नका. वर हात घालून डबा चाचपू नका.

तो किती तापतो याची किंमत अमेरिकेत ११ मे १९९६ रोजी मोजावी लागली. व्हॅल्यूजेटच्या विमानात मुदत संपलेले असे डबे सामान म्हणून चढवले होते, सुरक्षेच्या टोप्या न लावता. खोक्यात ते पेटले, ऑक्सिजन आणि आग एकत्र आली आणि विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली. डोक्यावर चौकटीत बसवलेला डबा सुरक्षित आहे. सामानात टाकलेला नाही.

ऑक्सिजन १५ मिनिटांतच संपतो म्हणे. मग पुढे?

डबे साधारण १२ ते २२ मिनिटं चालतात, विमान आणि मार्ग पाहून ठरतं. पुढे त्याची गरज पडत नाही, कारण तोवर विमान खाली आलेलं असतं. दाब गेला की वैमानिक आधी स्वतःचे मास्क लावतात आणि विमान झपाट्याने १०,००० फुटांपर्यंत उतरवतात. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. ३५,००० वरून तिथवर यायला बहुधा ५ मिनिटांच्या आसपास लागतात.

हे उतरणं कसं वाटतं ते आधीच सांगतो. नाक खाली जातं, पंखांवरच्या पट्ट्या उभ्या राहिल्याने विमान थरथरतं, घोंघाट वाढतो, कानाला दडे बसतात. आतल्या माणसाला वाटतं विमान कोसळतंय. कोसळत नसतं. वैमानिक ते मुद्दाम आणि पूर्ण ताब्यात ठेवून उतरवत असतात. जेवढं लवकर खाली, तेवढं बरं. सुरुवातीला घोषणाही होणार नाही कदाचित. पुढे त्या दोघांना त्याहून महत्त्वाची कामं असतात. हवाई सुंदरीही लगेच मदतीला येणार नाही. जवळचा मास्क लावून जागेवर बसणं हेच तिला शिकवलेलं असतं. विमान खाली येऊन स्थिरावलं की ती हातातला छोटा सिलिंडर घेऊन फिरते.

हिमालयावर असताना दाब गेला तर १०,००० फुटांवर कसं येणार?

येता येत नाही. तिबेटच्या पठारावर जमीनच १४–१५ हजार फुटांवर आहे. म्हणून अशा मार्गांवर "इथे दाब गेला तर कुठल्या दरीने, किती उंचीवर, कुठे वळायचं" हे आधी आखलेलं असतं, आणि विमानात नेहमीपेक्षा जास्त वेळ पुरणारा ऑक्सिजन लागतो. तो नसेल तर त्या मार्गाने जायची परवानगी नाही.

लेहचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे, म्हणजे केबिनच्या नेहमीच्या ८,००० हून उंच. त्यामुळे दार उघडण्याआधी केबिनची उंची तिथपर्यंत वाढवावी लागते. एरवी उतरताना ती कमी होत जाते, इथे उलटं.

वैमानिकच बेशुद्ध झाले तर?

त्यांचा ऑक्सिजन वेगळ्या सिलिंडरमधून येतो. मास्कही वेगळे. खुर्चीशेजारच्या खोबणीतून एका हाताने ओढायचा, पकड दाबली की पट्टा हवेने फुगतो, डोक्यावरून सरकवायचा आणि पकड सोडायची. पट्टा आवळून बसतो. हे ५ सेकंदांत जमलंच पाहिजे.

तरीही घडलं आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस एअरवेजचं बोईंग ७३७ सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सला निघालं. आदल्या रात्री जमिनीवर दाबाची तपासणी करताना एक खटका "ऑटो" वरून "मॅन्युअल" वर नेला होता आणि तो तसाच राहिला. उड्डाणाआधीच्या तपासणीतही कुणाच्या लक्षात आलं नाही. विमान वर चढताना झडप आपोआप मिटली नाही. सुमारे १२,००० फुटांवर भोंगा वाजला. पण त्या विमानात उड्डाणाची तयारी चुकली तर वाजणारा भोंगाही तोच होता. वैमानिकांना वाटलं हा तोच इशारा, आणि तो हवेत वाजायचं काही कारण नाही. ते रेडिओवर कंपनीच्या इंजिनिअरशी बोलत राहिले, विमान चढत राहिलं आणि त्यांची समज मिनिटामिनिटाला उतरत गेली. मागे प्रवाशांचे मास्क पडले होते. पुढे मास्क हाताशी होते, पण लावले गेले नाहीत.

विमान ३४,००० फुटांवर ऑटोपायलटवर जाऊन अथेन्सजवळ घिरट्या घालत राहिलं. ग्रीक हवाई दलाच्या एफ-१६ विमानांना सहवैमानिक आपल्या जागेवर कोसळलेला दिसला, वैमानिकाची जागा रिकामी होती. शेवटी केबिनमधला एक कर्मचारी, आन्द्रेआस प्रोद्रोमू, हातातल्या सिलिंडरच्या आधाराने कॉकपिटमध्ये पोचला. तोवर इंधन संपत आलं होतं. विमान ग्रामातिको गावाजवळच्या डोंगरात कोसळलं आणि १२१ जण गेले. पुढे ७३७ विमानांत केबिनच्या उंचीसाठी इशाऱ्याचे वेगळे दिवे बसवणं बंधनकारक झालं.

हा अपघात मी देखभालीतल्या पोरांना दर वर्षी सांगत आलो. खटका जिथला तिथे परत ठेवणं हे काम संपल्यानंतरचं काम नव्हे, ते त्या कामातच मोडतं.

खिडकी फुटली तर मी बाहेर खेचला जाईन का?

पट्टा बांधलेला असेल तर शक्यता फार कमी. सरळ सांगतो, घडलंच नाही असं नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाचं छप्पर २४,००० फुटांवर जवळजवळ १८ फूट उडून गेलं. उभी असलेली एक कर्मचारी बाहेर फेकली गेली. प्रवासी पट्टे बांधून उघड्या आकाशाखाली बसून होते, आणि ते सगळे जिवंत उतरले. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये चुकीच्या मापाच्या बोल्टमुळे कॉकपिटची काच निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं. कॅप्टन वाचला. वर सांगितलेल्या साउथवेस्टच्या २०१८ च्या अपघातात मात्र खिडकीशेजारची प्रवासी गेली.

५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दाराच्या जागी बसवलेला तुकडा १६,००० फुटांवर निखळला, कारण चार बोल्ट परत लावलेच नव्हते. शेजारच्या दोन खुर्च्या सुदैवाने रिकाम्या होत्या. जीव कुणाचाच गेला नाही. पट्ट्याचा दिवा बंद झाला तरी बसून असताना पट्टा बांधलेला ठेवा, असं मी म्हणतो ते यासाठी.

छोट्या भोकाने विमान फुग्यासारखं फुटत नाही. मागची झडप हे मुद्दाम ठेवलेलं भोकच आहे.

कुणी हवेत दार उघडलं तर?

३५,००० फुटांवर आतबाहेरच्या दाबातला फरक एका चौरस मीटरला सुमारे ५ टन. बहुतेक दारं आधी थोडी आत आल्याशिवाय बाहेर जात नाहीत. तेवढा भार माणसाला ओढता येणार नाही.

केबिनमध्ये धूर झाला तर हे मास्क का सोडत नाहीत?

कारण त्यात केबिनची हवा मिसळतेच, म्हणजे धूरही आत जाणार. शिवाय आगीला ऑक्सिजन मिळेल. धुरात खाली वाका, ओला रुमाल नाकावर धरा.

मांडीवरच्या बाळासाठी मास्क असतो का?

असतो. रांगेतल्या खुर्च्यांपेक्षा एक मास्क जास्त ठेवलेला असतो, पण प्रत्येक विमानात दोन्ही बाजूंना असेलच असं नाही. म्हणून बाळ घेऊन बसताना कर्मचारी जागा बदलायला सांगतात. वाद घालू नका.

शौचालयात असताना मास्क पडले तर?

तिथेही असतात. तिथलाच लावा आणि तिथेच थांबा. जागेवर धावत जाऊ नका.

बाबांना दमा आहे, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. नेऊ का?

केबिनमध्ये दाब व्यवस्थित असतानाही रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो. धडधाकट माणसाला जाणवत नाही. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि विमान कंपनीला कळवा. घरचा सिलिंडर नेता येत नाही, मान्य प्रकारचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतं. आपत्कालीन मास्क हा आजाऱ्यासाठी नाही, तो मागून मिळत नाही. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान नाहीच. दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. डॉक्टरांना हे नेमकं विचारा.

मालवणला स्कुबा करून संध्याकाळच्या विमानाने परतलो तर?

नको. पाण्याखाली दाबाने रक्तात नायट्रोजन जास्त विरघळतो. सोड्याची बाटली उघडावी तसा तो कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर येऊ शकतो. एकदाच बुडी मारली असेल तर निदान १२ तास, एकाहून जास्त असतील तर निदान १८ तास थांबा. तारकर्ली असो की गोवा, बुडी पहिल्या दिवशी ठेवा, परतीच्या दिवशी नको.

उतरताना कान फार दुखतात.

आंबा घाटात बसतात तेच दडे. गिळा, जांभई द्या, नाक धरून हलकेच फुंकर मारा. बाळाला उतरताना पाजा. सर्दी जबर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उडू नका.

मास्क पडून गेल्यावर ते पुन्हा वर ढकलायचे का?

नाही. लटकतच राहू द्या. ते काम जमिनीवरचं.

पडलेले मास्क घेऊन आलेलं विमान मी आतून पाहिलं आहे. दिवे लागलेले, माणूस एकही नाही, आणि रांगेमागून रांग पिवळे कप हलत असतात. वापरलेला प्रत्येक डबा काढून नवा बसवायचा. मग मास्क घ्यायचा, पिशवी सपाट करायची, नळी पीळ न पडू देता कपात गुंडाळायची, दोरीचं टोक पिनेला अडकवायचं, पिन पूर्ण बसली आहे ना ते बोटाने चाचपायचं आणि झाकण लावायचं. मग पुढची रांग. शेवटी सगळी झाकणं एकदम उघडून बघतात. एखादी नळी अडकली, एखादा कप अर्ध्यातच लोंबला, तर ती रांग पुन्हा पहिल्यापासून.